खाऱ्या हवेतला वस्तरा

एन्नोरला लोखंड फार काळ स्वच्छ राहत नाही. चेन्नईच्या उत्तर टोकाला, कोसस्थलैयार नदी खाडी होऊन बंगालच्या उपसागराला मिळते, तिथे हे गाव आहे. अशोक लेलँडचा कारखाना इथला, कोळशावर चालणारी वीजकेंद्रं इथली, २००१मध्ये सुरू झालेलं कामराजर बंदरही इथलंच. आणि या सगळ्यावरून रात्रंदिवस खारा वारा वाहत असतो. खिडकीचे गज, कुलपं, सायकलची साखळी, विळीचं पातं, कशाकडेही थोडं दुर्लक्ष झालं की तांबूस पुटं चढतात. अशा ठिकाणी राहून वस्तऱ्याने दाढी करायची हौस कुणाला असेल, तर त्याने वस्तरा कसा निवडावा? प्रश्न एन्नोरचा आहे, पण उत्तर मालवणला, रत्नागिरीला, अलिबागला आणि खुद्द मुंबईलाही लागू पडतं.

वस्तरा आधी हवेला मानवला पाहिजे, मग धार लावणाऱ्या हाताला, आणि डोळ्यांना सर्वांत शेवटी. हौशी मंडळी नेमका उलटा क्रम लावतात. मूठ शिंगाची आहे का, पात्यावर सोनेरी अक्षरं आहेत का, नाव जर्मन आहे का, हे आधी बघतात. मग महिनाभरात पात्यावर ठिपके पडतात, धार बसते आणि वस्तरा कपाटात जातो.

एन्नोरपासून सुरुवात करण्याला आणखी एक कारण आहे. वस्तऱ्यांवरचं लेखन साधारणपणे इंग्लंडच्या शेफील्डपासून किंवा जर्मनीच्या झोलिंगेनपासून सुरू होतं. पण ज्या पोलादाने लंडनच्या वस्तरेकारांना वेड लावलं, ते तमिळनाडूच्या सेलम परिसरात, म्हैसूरच्या मुलखात आणि तेलंगणात तयार होत होतं. आणि ते लंडनच्या शास्त्रज्ञांच्या टेबलावर पोचलं मुंबईहून.

ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला डॉक्टर हेलेनस स्कॉट याने १७९४ साली रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना या पोलादाचे नमुने पाठवले. इंग्रज त्याला वुट्झ म्हणत. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन याने सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. नमुने मुंबईहून आलेले, तेव्हा पोलादही मुंबईतच बनतं असं निबंधाच्या शीर्षकात ठोकून दिलं. मुंबईत वुट्झची भट्टी कधी नव्हती. पण वैज्ञानिक नियतकालिकात छापलं गेलं, की चुकीलाही भारदस्तपणा येतो.

पिअर्सनच्या सांगण्यावरून या पोलादाचा एक छोटा चाकू घडवून पाहिला तो जेम्स स्टोडार्ट याने. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर त्याचं शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवण्याचं दुकान होतं. वुट्झ घडवायला अवघड, तापमान जरा चुकलं की हातोड्याखाली तडकतं. तरीही स्टोडार्ट त्याच्या प्रेमात पडला. युरोपातल्या उत्तमातल्या उत्तम पोलादापेक्षा आपण हिंदुस्थानी वुट्झ पसंत करतो, अशी जाहिरात त्याने दुकानाच्या कार्डावरच छापली. आवडता वस्तरा कोणता, या प्रश्नाला त्या काळच्या एका मोठ्या जाणकाराने दिलेलं हे छापील उत्तर.

या स्टोडार्टच्या जोडीला आला मायकेल फॅरडे. विजेचा फॅरडे तो हाच. बाप लोहार, स्वतः रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत. १८१८च्या सुमारास दोघांनी वुट्झचं रहस्य शोधायला सुरुवात केली. त्यात ॲल्युमिनियमचा अंश असावा असा फॅरडेचा कयास होता, आणि तो चुकला. पण त्या नादात दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ साली निबंध प्रसिद्ध केले. ५०० भाग पोलादाला १ भाग चांदी, हे मिश्रण शेफील्डच्या एका कंपनीने बाजारातही आणलं. ऱ्होडियम मिसळलेल्या पोलादाचे वस्तरे फॅरडे मित्रांना भेट देत असे. मिश्र पोलादाच्या शास्त्राचा आरंभ बरेच जण या प्रयोगांपासून धरतात, आणि त्याच्या मुळाशी दाढीचा वस्तरा आहे ही गोष्ट मला फार आवडते.

वुट्झ बनवण्याची रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये. घडीव लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालायचे, त्यात तरवडाच्या लाकडाचे कपटे टाकायचे, वर रुईसारख्या झाडाची हिरवी पानं, आणि मूस मातीने लिंपून बंद करायची. अशा मुशी भट्टीत रचून तासन्‌तास भाते चालवायचे. लाकूड-पानांतला कार्बन लोखंडात शिरतो, लोखंडाचा वितळबिंदू उतरतो आणि मुशीच्या तळाशी पोलादाचा गोळा जमतो. त्यात कार्बन साधारण दीड टक्का. तरवड आणि रुई आपल्याकडे माळरानावर, बांधाबांधाला उगवतात. या तणांतून एकेकाळी जगातलं सर्वांत नावाजलेलं पोलाद निघत होतं.

सेलमची ही रीत बारकाईने लिहून ठेवणाऱ्यांपैकी एक जोसिया मार्शल हीथ. मद्रासच्या सनदी नोकरीतला माणूस. नोकरी सोडून त्याने १८३०च्या सुमारास पोर्टो नोव्हो, म्हणजे आजचं परंगीपेट्टई, इथे लोखंडाचा कारखाना काढला आणि सेलमच्या खनिजाचं लोखंड थेट शेफील्डला पाठवायला सुरुवात केली. कारखान्याने त्याला श्रीमंत केलं नाही, पण पोलादाचं वेड लावलं. इंग्लंडला परतल्यावर १८३९ साली त्याने एक पेटंट घेतलं: मुशीतल्या पोलादात मँगनीज आणि कार्बनचं संयुग टाकायचं. त्यामुळे महागड्या स्वीडिश लोखंडाशिवाय, साध्या ब्रिटिश लोखंडातूनही चांगलं ओतीव पोलाद बनू लागलं. शेफील्डच्या धारदार सामानाला स्वस्त कच्चा माल मिळाला.

हीथला मात्र काही मिळालं नाही. त्याच्याच शेफील्डमधल्या हस्तकाने शक्कल काढली. आयतं संयुग टाकायचं नाही, मँगनीजचं ऑक्साइड आणि कार्बन वेगवेगळे मुशीत टाकायचे. संयुग आतल्या आत तयार होतं आणि खर्चही कमी येतो. पेटंटमध्ये हे लिहिलेलं नाही, असा युक्तिवाद झाला. खटले वर्षानुवर्षं चालले. १८५१ साली हीथ वारला तेव्हा तो कफल्लक होता, आणि अंतिम निकाल गेला तो त्याच्या मृत्यूनंतर, विरोधातच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातला शेफील्डचा एखादा जुना वस्तरा जुन्या बाजारात हाती लागला, तर मद्रासच्या या माणसाची एकदा आठवण काढायला हरकत नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर वुट्झचा वस्तरा घ्या, असं मी म्हणेन ही अपेक्षा असेल तर निराशा होईल. हल्ली लाटांची नक्षी असलेले वस्तरे ‘दमास्कस’ म्हणून विकले जातात. त्यांतले बहुतेक दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र घडवून, आम्लात बुडवून नक्षी उठवलेले असतात. वुट्झची नक्षी मुशीतल्या पोलादातच जन्मते, या थरांशी तिचं नातं नाही. शिवाय नक्षीचा आणि दाढीचा काही संबंध नाही. केसाला लागते ती धारेची अगदी शेवटची कड, मायक्रॉनच्याही आतली, आणि तिथे नक्षी उरत नाही.

आता हवेकडे वळू. पारंपरिक वस्तरा कार्बन पोलादाचा, कार्बन एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडा जास्त. सहाणेवर पटकन लागतो, धार अतिशय बारीक घेतो. दोष एकच: गंजतो. आणि गंज सर्वांत आधी धरते ती धार, कारण तिथे धातूच कमी. पातं आरशासारखं चमकत असेल आणि धार मात्र खाल्लेली असेल, असं समुद्रकाठी सहज होतं. डोळ्यांना दिसत नाही, गालाला कळतं.

दुसरा पर्याय स्टेनलेस पोलादाचा. क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली शेफील्डमध्येच तयार केलं. धारदार हत्यारांच्या स्टेनलेसमध्ये क्रोमियम साधारण १३ टक्क्यांच्या पुढे असतं. सुरुवातीला या पोलादाला वस्तऱ्याची धार टिकत नाही अशी तक्रार होती. पुढे शून्याखाली खूप गार करून कडक करण्याची रीत निघाली. झोलिंगेनच्या हेंकेल्स कंपनीचे ‘फ्रिओडुर’ वस्तरे याच जातीचे, आणि जाणकार आजही ते शोधत असतात. स्टेनलेस सहाणेवर हट्टीपणा करतं, जास्त वेळ मागतं. पण एकदा धार बसली की खाऱ्या हवेत ती टिकते. मिठातलं क्लोराइड स्टेनलेसलाही बारीक टोचे पाडू शकतं, तेव्हा पुसणं त्यालाही चुकत नाही.

पुण्यात, नाशकात, नागपुरात राहत असाल तर कार्बन पोलाद खुशाल घ्या. एन्नोरला किंवा कोकणपट्टीवर राहत असाल तर माझं मत स्टेनलेसच्या बाजूने आहे, शुद्धतावादी कितीही नाकं मुरडोत. कार्बनचाच हट्ट असेल तर दाढी झाल्यावर पातं कोरडं पुसून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं, वस्तरा न्हाणीघराबाहेर ठेवायचा, आणि चामड्याच्या पेटीत कधीच ठेवायचा नाही, कारण चामडं ओल धरतं.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद बोथट का होतं, हे कोडं बरीच वर्षं होतं. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचे केस कापून पाहिले आणि २०२० साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. धार झिजून गोल होते, असं आपण समजत होतो. प्रत्यक्षात तिचे सूक्ष्म टवके उडतात. केस पात्याच्या काटकोनात न राहता वाकला, धारेवर तो अगदी नेमक्या जागी टेकला आणि तिथलं पोलाद आतून एकसारखं नसलं, की टवका निघतो. म्हणजे आपले नाभिक गरम पाण्याने दाढी भिजवून, साबणाचा फेस चोळत पाच मिनिटं घालवत, ती नुसती गिऱ्हाइकाची सरबराई नव्हती. भिजलेला केस मऊ होतो, कमी जोराने कापला जातो, आणि धार वाचते. ज्याच्या पोलादाची घडण बारीक आणि एकसारखी, त्याचा वस्तरा जास्त टिकतो, हेही त्यातून आलंच. स्वस्तातले, नावगाव नसलेले चकचकीत वस्तरे टाळायचे ते यासाठी. त्या वस्तऱ्याच्या आकाराच्या वस्तू असतात. कितीही घासा, त्यांना धार राहत नाही.

नावाबद्दल एवढंच: ‘झोलिंगेन’ हा शब्द जर्मनीत कायद्याने राखलेला आहे, १९३८ सालापासून. त्या परिसरात तयार न झालेल्या मालावर तो घालता येत नाही. तेव्हा खरी खूण असेल तर तिला अर्थ आहे. फ्रान्सच्या थिएर गावचे आणि जुने स्वीडिश वस्तरेही तोडीस तोड.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. पाच-अष्टमांश, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, ही नवशिक्याची रुंदी: नाकाखाली फिरते, हातात जड होत नाही. पात्याच्या दोन्ही बाजू आतून किती कोरल्या आहेत, हा पुढचा मुद्दा. जुने शेफील्डचे वस्तरे पाचरीसारखे भरीव. राठ दाढीवर दमदार चालतात, पण सहाणेवर जीव काढतात. झोलिंगेनचे पूर्ण पोकळ वस्तरे इतके पातळ असतात की दाढी करताना पातं खरखर आवाज करतं आणि कुठे केस उरले ते कानाला समजतं. राठ दाढीसाठी मधला, अर्धा पोकळ प्रकार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. टोक मात्र गोलच हवं. चौकोनी टोक मिशीची कड सुरेख काढतं आणि तितक्याच सुरेखपणे कानाची पाळी कापतं.

वस्तऱ्याची एक खुबी चाकूत नसते. त्याची पाठ जाड असते ती उगाच नाही. सहाणेवर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकवायच्या. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून कोन आपोआप ठरतो, साधारण १६-१७ अंश. घडवणाऱ्याने कोन पात्यातच बांधून दिलेला असतो. म्हणून जुना वस्तरा घेताना आधी पाठ बघावी. ती एका बाजूला जास्त घासली गेली असेल तर कुणीतरी वाकडा हात चालवलेला आहे. धार मध्ये खोलगट झाली असेल तर घेऊच नये. धारेजवळ काळे खड्डे असतील तरीही नाही. पाठीवरचे डाग चालतात. तडा नखाने चाचपून पाहावा.

मुठीकडे सर्वांत शेवटी पाहायचं म्हटलं, पण दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कुजतात, त्यांतून आम्लाची वाफ सुटते आणि आतलं पातं गंजून जातं. मिटलेल्या वस्तऱ्याला कापरासारखा किंवा आंबट वास येत असेल तर सावध व्हावं. आणि हस्तिदंती मूठ मुंबईच्या चोर बाजारात कुणी कितीही प्रेमाने दाखवली तरी हात लावू नये. हस्तिदंताची खरेदी-विक्री भारतात कायद्याने बंद आहे.

उरला धार लावणारा हात. पूर्वी नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, तुरटी यांच्यासोबत सहाण आणि चामड्याचा पट्टाही असे. सहाणेवर धार पुढे ठेवून वस्तरा फिरवायचा, पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. उलट केलं तर पट्टाच कापला जातो. पट्टा नसला की तळहातावर चार हात मारून काम भागवायचं. हे ज्ञान आता झपाट्याने जातंय. एचआयव्ही आणि काविळीच्या धास्तीनंतर सलूनमध्ये ब्लेडचा वस्तरा आला, ज्यात ब्लेडचा अर्धा तुकडा बसवून प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बदलतात. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झालं, आणि तसंच राहावं. पण सहाणेवर बसणारा कारागीर त्यामुळे बिनकामाचा झाला. गावाकडे अजून एखादे वयस्क नाभिक सहाण राखून असतील तर त्यांच्यापाशी बसून शिकून घ्यावं, आणि त्याचे पैसे द्यावेत.

याच वस्तऱ्याचा एक वेगळा इतिहास महाराष्ट्रात आहे, आणि तो गाळून आवडत्या वस्तऱ्यांबद्दल लिहिणं मला जमत नाही. विधवांच्या केशवपनाला हाच वस्तरा लागे. मुंबईत १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला आपण वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. हत्यार कुणावर चालवायचं आणि कुणावर नाही, हे कारागिरांनी स्वतः ठरवलं. मोठमोठ्या सुधारकांच्या व्याख्यानांच्या बरोबरीने या ठरावाची गणना व्हायला हवी, ती फारशी होत नाही.

एन्नोरला आणखी एक अडचण आहे, पाण्याची. उत्तर चेन्नईच्या किनाऱ्यावर, मिंजूरच्या पट्ट्यात, भूजलात समुद्राचं पाणी शिरलेलं आहे. उपसा वाढला आणि खारं पाणी आत सरकलं. जवळच काट्टुपल्ली इथे २०१०पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प चालतो, रोज १० कोटी लिटर क्षमतेचा. मचूळ पाण्यात साबणाचा फेस धड होत नाही. फेस नाही तर केस भिजत नाही, आणि केस भिजला नाही की धारेचे टवके. वस्तऱ्यावर पैसे खर्चून फेसाला बोअरचं पाणी वापरणं म्हणजे चंदेरी शालूवर रबरी सपाता घालण्यासारखं आहे. दाढीपुरतं तांब्याभर गोडं पाणी बाजूला काढून ठेवावं, आणि दाढी झाल्यावर पातंही त्याच पाण्याने धुवावं.

तेव्हा समुद्रकाठच्या वाचकाला माझा सल्ला असा. पहिले काही महिने सलूनमध्ये मिळतो तसला ब्लेडचा वस्तरा घेऊन हात बसवा. पातं गालाशी साधारण ३० अंशांत ठेवायचं आणि जोर अजिबात द्यायचा नाही, एवढं त्यावर शिकता येतं. हात बसला की स्टेनलेस पोलादाचा, पाच-अष्टमांश रुंदीचा, अर्धा पोकळ, गोल टोकाचा वस्तरा घ्या, नवा किंवा नीट पारखलेला जुना. मूठ साध्या प्लॅस्टिकची असली तरी चालेल. वाचलेले पैसे चांगल्या पट्ट्यावर आणि बारीक दाण्याच्या सहाणेवर घाला. आणि तो वस्तरा घरात दुसऱ्या कुणालाही वापरायला देऊ नका, सख्ख्या भावालासुद्धा.